वरची माशी, खालची माशी

हिमाचलातल्या तीर्थन नदीच्या काठी एका धोंड्यावर बसून आमच्या वाटाड्याने एकाच दोऱ्याला दोन माशा बांधल्या. मी विचारले, "दोन कशाला?" मान वर न करता तो म्हणाला, "ऊपरवाली हमारे लिए, नीचेवाली मछली के लिए." वरची आपल्यासाठी, खालची माशासाठी.

मी काही गळ टाकणारा माणूस नव्हे. लहानपणी खाडीच्या बांधावर बसून गरवलेले चार मासे, एवढेच माझे भांडवल. तिथे गरीला कोळंबीचा तुकडा लावायचा, तंगूस पाण्यात सोडायचा आणि ओढ लागेपर्यंत गप्प बसायचे. इथे आमिष असे नव्हतेच. गळाच्या काट्यावर पिसे, लोकर आणि तार गुंडाळून केलेला किड्याचा आभास होता. मराठीत मक्षिकेची माशी झाली आणि मत्स्याचा मासा. दोन शब्द योगायोगाने इतके जवळ आले की, 'माशीने मासा पकडतात' हे वाक्य आपल्याला शब्दखेळच वाटते. पण त्या वाटाड्याच्या एका वाक्याने मी जुन्या इंग्रजी पुस्तकांच्या मागे लागलो. त्या दोन माशा एका दोऱ्यावर येण्याआधी इंग्लंडातल्या सुशिक्षित, सभ्य माणसांनी त्यांच्यावरून जवळजवळ अर्धे शतक भांडण केले होते. आणि ते भांडण वाचताना मला सारखी आपल्याकडच्या सोवळ्याओवळ्याची आठवण येत होती.

आधी ती जोडणी कशी करतात ते सांगतो, कारण पुढचा सगळा वाद त्या जोडणीत दडलेला आहे. काठीवरच्या जाड दोरीच्या टोकाला सुमारे 9 फुटांचा, निमुळता होत गेलेला पारदर्शक नायलॉनचा धागा असतो. त्याच्या टोकाला पहिली माशी बांधायची. ती तरंगणारी, म्हणजे 'कोरडी' माशी. तिचा गळ साधारण 10 किंवा 12 नंबरचा. या हिशेबात नंबर वाढला की गळ लहान होतो. मग दीड-दोन फुटांचा आणखी बारीक धागा घ्यायचा आणि त्याचे एक टोक पहिल्या माशीच्या गळाला जिथे बाक असतो तिथे अडकवायचे. धागा बाकावरून घेऊन स्वतःभोवती पाच पिळे द्यायचे, टोक मागे आणून बाकाजवळच्या फटीतून काढायचे, तयार झालेल्या नव्या फासातून पुन्हा ओवायचे, गाठ थुंकीने ओली करायची आणि सावकाश ओढायची. कोरडी गाठ ओढली तर घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन कमजोर होते. या धाग्याच्या दुसऱ्या टोकाला 16 किंवा 18 नंबरची वजनदार माशी बांधायची. ती बुडणारी. तिला 'निम्फ' म्हणतात आणि अशा लोंबत्या माशीला 'ड्रॉपर'.

खालचा धागा वरच्यापेक्षा बारीक ठेवतात, त्यालाही कारण आहे. खालची माशी दगडात अडकली तर तुटायचे ते खालीच तुटावे, दोन्ही माशा जाऊ नयेत. या धाग्यांची जाडी 4 एक्स, 5 एक्स अशी मोजतात. 4 एक्स म्हणजे इंचाचा 7 हजारांश, 5 एक्स म्हणजे 6 हजारांश. ही उलटी मोजणी रेशमाच्या काळातली आहे. नायलॉन येण्यापूर्वी रेशीमकिड्याच्या पोटातली रेशमाची ग्रंथी ताणून तिची तात करीत, आणि या धंद्याचे मोठे केंद्र होते स्पेनमधले मुर्सिया. ती तात बारीक करण्यासाठी पोलादी पट्टीच्या भोकातून ओढून काढायची. एकदा ओढली की 1 एक्स, दोनदा ओढली की 2 एक्स. तात गेली, रेशीमकिडे गेले, पण मोजणी राहिली. परंपरा कशा टिकतात याचे हे एक निरुपद्रवी उदाहरण. पुढे जे सांगणार आहे ते इतके निरुपद्रवी नाही.

खालच्या धाग्याची लांबी पाण्याच्या खोलीवर ठरते. खोलीच्या साधारण दीडपट धागा घेतात, कारण वाहत्या पाण्यात माशी सरळ खाली लटकत नाही, तिरकी जाते. नदीच्या तळाशी पाणी संथ असते आणि वर वेगात असते. खालच्या माशीला माशाने तोंड लावले की वरची माशी क्षणभर थबकते किंवा बुडते. काठावरच्या माणसाला दिसते ते एवढेच. खाडीवर आम्ही दोऱ्याला बूच बांधत होतो, तेच काम इथे वरची माशी करते. फरक एवढा की बूच मासा कधी खात नाही आणि ही माशी कधीकधी खातो.

माशीने मासे पकडण्याचा उल्लेख फार जुना आहे. इसवी सन 200च्या सुमारास रोममध्ये राहून ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या एलियनने प्राण्यांविषयीच्या आपल्या ग्रंथात मॅसिडोनियातल्या अॅस्ट्रेअस नदीवरच्या लोकांची हकीकत दिली आहे. तिथे ठिपक्यांचे मासे पाण्यावर येणारी एक माशी खातात. खरी माशी गळाला लावू गेले तर ती कुस्करते. म्हणून ते लोक गळाभोवती तांबडी लोकर गुंडाळतात आणि कोंबड्याच्या गळ्याजवळची मेणाच्या रंगाची दोन पिसे तिला बांधतात. कोंबडा मूळचा आपल्याकडचा, दक्षिण आणि आग्नेय आशियातल्या रानांतला. तो माणसाबरोबर मॅसिडोनियापर्यंत पोहोचला आणि त्याच्या मानेचे पीस या कलेत जे शिरले ते आजतागायत निघालेले नाही.

इंग्लंडात 1496 साली विंकिन डी वर्ड या मुद्रकाने गळाने मासे पकडण्यावरचा एक लहान ग्रंथ छापला. तो ज्यूलियाना बर्नर्स नावाच्या स्त्रीचा असल्याचे परंपरा सांगते. त्यात 12 माशांचे वर्णन आहे. 1653 साली आयझॅक वॉल्टनचे 'द कम्प्लीट अँगलर' आले. त्याच्या 1676च्या आवृत्तीला चार्ल्स कॉटनने दुसरा भाग जोडला आणि निर्मळ पाण्यात माशीने ट्राउट कसा धरावा हे तपशिलाने सांगितले. तेव्हा दोरा घोड्याच्या शेपटीच्या केसांचा असे. माशी पाण्यात पडे, काही क्षण तरंगे, मग बुडे. ती कोरडी की ओली असा प्रश्न कोणी विचारीत नव्हते.

एका दोऱ्यावर अनेक माशा हाही नवा प्रकार नव्हे. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडात मुख्य दोऱ्याला आखूड फांद्या काढून दोन-तीन माशा बांधण्याची जुनी रीत होती. 'ड्रॉपर' हा शब्द त्या फांद्यांचा. 1857 साली डब्ल्यू. सी. स्ट्यूअर्ट या स्कॉटिश गृहस्थाने 'द प्रॅक्टिकल अँगलर' लिहिले. प्रवाहाच्या उलट दिशेला, म्हणजे माशाच्या पाठीमागून माशी टाकावी, असा त्याचा आग्रह होता. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, मागे उभ्या माणसाला तो सहज पाहू शकत नाही. पण स्ट्यूअर्टच्या सगळ्या माशा बुडणाऱ्याच होत्या.

तरंगणारी माशी वेगळी करून तिचे वेगळे शास्त्र झाले ते 19व्या शतकाच्या उत्तरार्धात आणि दक्षिण इंग्लंडात. डेव्हनमधला एक गळविक्रेता जॉर्ज पुलमन याने 1851च्या आपल्या पुस्तकात सांगितले की, मासा पृष्ठभागावर खात असेल तर भिजलेली माशी काढून कोरडी बांधावी म्हणजे ती तरंगेल. एवढी साधी गोष्ट. पण तिला आकार यायला आणखी एक वस्तू लागत होती, भोकाचा गळ. तोपर्यंत गळाला भोक नसे. तात गळाच्या दांड्याला बांधून त्यावरच माशी विणत. माशी सुकवायला हवेत पुन्हापुन्हा फटकारली की तात माशीच्या तोंडाशी झिजे, आणि मग तातीबरोबर माशीही टाकून द्यावी लागे. 1880च्या आसपास लहान, हलक्या आणि भोकाच्या गळांचा प्रसार करणाऱ्यांत एक होते हेन्री सिंक्लेअर हॉल. क्लिफ्टन कॉलेज या शाळेतले गणिताचे शिक्षक. नाव ओळखीचे वाटले का? ज्यांच्या बीजगणिताने आपल्याकडच्या कित्येक पिढ्यांच्या डोळ्यांत पाणी आणले, त्या 'हॉल अँड नाइट'मधले हॉल ते हेच. 'हायर अल्जिब्रा' 1887 साली निघाले. त्याच्या दोनच वर्षे आधी निघालेल्या 'बॅडमिंटन लायब्ररी'च्या मासेमारीवरच्या खंडात कोरड्या माशीवरचे प्रकरण हॉल यांनी लिहिले होते.

आता मुख्य माणूस. फ्रेडरिक हॅलफर्ड, जन्म 1844. सुखवस्तू ज्यू कुटुंबातला, कापडाच्या घरच्या धंद्यात असलेला. त्याची नदी टेस्ट, हॅम्पशर परगण्यातली. तिथले पाणी खडूच्या खडकांतून झिरपून येते. त्यामुळे ते काचेसारखे स्वच्छ, बारमाही आणि संथ असते. पाण्यातला मासा काय खातो हे काठावरून दिसते. 1879 साली हॅलफर्डची जॉर्ज सेल्विन मॅरिएटशी गाठ पडली. मॅरिएट या विद्येतला त्या काळचा सर्वांत निपुण माणूस मानला जाई, पण त्याला स्वतःचे नाव पुस्तकावर नको होते. दोघांनी मिळून नदीवरचे किडे गोळा केले, माशांची पोटे फाडून पाहिली, पिसे रंगवून पाहिली. 1886 साली हॅलफर्डचे 'फ्लोटिंग फ्लाइज अँड हाऊ टु ड्रेस देम' आणि 1889 साली कोरड्या माशीचे शास्त्र आणि व्यवहार सांगणारे दुसरे पुस्तक आले.

त्यातली शिस्त अशी. नदीकाठी जा आणि थांबा. मासा पृष्ठभागावर येऊन किडा खाताना दिसेपर्यंत दोरा टाकू नका. दिसला की तो कोणता किडा खातो ते ओळखा, त्याचीच प्रतिकृती बांधा, आणि ती माशाच्या पुढे अशी सोडा की प्रवाहाबरोबर ती मोकळी, ताणाशिवाय वाहत येईल. दिसला नाही मासा तर परत घरी जा.

यात काही वाईट नव्हते, हे मी आवर्जून सांगतो. पुढच्या काळात हॅलफर्डला कर्मठ म्हणून हसायची फॅशन झाली, पण त्याच्या नियमामागे संयम होता. दिसलेल्या एका माशासाठी एकच माशी, आंधळेपणाने पाणी चाळायचे नाही. नदी लहान, माणसे वाढती. अशा ठिकाणी या नियमाने मासे वाचतही असतील. शिवाय त्याने पाहून लिहिले, ऐकून नव्हे. अडचण नंतर झाली. पाहून काढलेला निष्कर्ष हळूहळू नियम झाला, नियमाचा आचार झाला, आणि आचार न पाळणारा माणूस खालच्या जातीचा ठरू लागला. बुडणारी माशी टाकणे म्हणजे चोरटेपणा, असे क्लबांत बोलले जाऊ लागले. कोरडे ते सोवळे, ओले ते ओवळे. मॅरिएट 1896 साली वारला. हॅलफर्डच्या माशांची यादी आटत आटत 33वर आली, आणि 1910च्या पुस्तकात त्याने तीच पुरेशी असल्याचे मांडले.

पण ट्राउट जेवतो कुठे? मेफ्लाय वर्गातल्या किड्याचे आयुष्य पाहिले म्हणजे उत्तर मिळते. अंडे पाण्यात पडते, त्यातून निम्फ निघतो, आणि तो जातीनुसार काही महिने ते दोन वर्षे तळाच्या दगडांत आणि शेवाळात राहतो. मग एके दिवशी वर येतो, पृष्ठभागावर कात टाकतो, त्याला पंख फुटतात, आणि उडून गेल्यावर तो पुन्हा एकदा कात टाकतो. पंख फुटल्यावर कात टाकणारा किड्यांत हा एकच वर्ग. त्यानंतर त्याला तोंड असून नसल्यासारखे. समागम, अंडी आणि एक-दोन दिवसांत मृत्यू. म्हणजे या किड्याचे जवळजवळ सगळे आयुष्य पाण्याखाली जाते, आणि माशाचे बहुतेक जेवणही तिथेच होते. हे हॅलफर्डला ठाऊक नव्हते असे नाही. पाण्याखाली निम्फ खाताना मासा पृष्ठभाग फुगवतो, याचे वर्णन त्याने स्वतः केले आहे. त्याने ते पाहिले आणि बाजूला ठेवले.

ते बाजूला न ठेवणारा माणूस होता जॉर्ज एडवर्ड मॅकेन्झी स्क्यूज. जन्म 1858, न्यूफाउंडलंडमधला. विंचेस्टरच्या शाळेत शिकला, लंडनमध्ये सॉलिसिटर झाला, लग्न केले नाही. शाळेजवळून वाहणाऱ्या इचेन नदीवर, अॅबट्स बार्टन येथे, 1883पासून तो मासे धरायला जाई. आरंभी तोही हॅलफर्डचा निष्ठावान अनुयायी. त्याने स्वतः सांगितलेली हकीकत अशी की, एकदा बाजारातून घेतलेली त्याची माशी पिसे कमअस्सल असल्याने तरंगेना. बुडाली. आणि बुडालेली असताना ट्राउटने ती घेतली. पुन्हा घेतली. दुसरा कोणी असता तर दुकानदाराला चार शब्द सुनावून विसरला असता. स्क्यूज वकील होता. साक्ष प्रतिकूल असली तरी नोंदवून ठेवायची सवय त्याला होती.

पुढची कित्येक वर्षे तो ती साक्ष तपासत राहिला. मेलेल्या माशाच्या पोटातला ऐवज हाडातला मगज काढायच्या लांब चमच्याने काढायचा, पांढऱ्या बशीतल्या पाण्यात मोकळा करायचा आणि पाहायचे. बशीत दिसत ते निम्फ. 1910 साली त्याचे 'मायनर टॅक्टिक्स ऑफ द चॉक स्ट्रीम' आले, त्याच साली ज्या साली हॅलफर्डने आपली 33ची यादी मांडली. पुस्तकाचे नावच किती नम्र आहे पाहा, 'किरकोळ डावपेच'. कोरडी माशी सोडा असे त्याने कुठेही म्हटले नाही. मासा वर खात असेल तेव्हा कोरडी, खाली खात असेल तेव्हा निम्फ, इतकेच त्याचे म्हणणे होते. निम्फसुद्धा दिसलेल्या माशालाच, प्रवाहाच्या उलट दिशेने टाकावा. हॅलफर्डची सगळी शिस्त त्याने पाळली. फक्त पाण्याच्या पातळीवरची रेघ ओलांडली.

पण नेमकी ती रेघच पवित्र झालेली होती. हॅलफर्ड 1914 साली वारला. अनुयायी राहिले. गुरूपेक्षा शिष्य कडवे असतात हा अनुभव आपल्याला परका नाही. 1938च्या फेब्रुवारीत लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात निम्फवर रीतसर वाद झाला. विरोधी बाजूला सर जोसेफ बॉल होते, राजकारणात वजन असलेले आणि पंतप्रधान चेंबरलेन यांच्या निकटचे. युरोप युद्धाच्या उंबरठ्यावर असताना ही माणसे बुडालेली माशी सभ्य की असभ्य यावर बोलत बसली होती, याचे हसू येते. पण 80 वर्षांच्या स्क्यूजच्या बाजूने पाहिले तर हसू ओसरते. अॅबट्स बार्टनच्या सोबत्यांनाही त्याचा निम्फ नकोसा झाला होता. त्याच वर्षाच्या अखेरीस, साडेपाच दशके ज्या पाण्यावर काढली ते पाणी त्याने सोडले. पुढच्या वर्षी त्याने निम्फवरचे आपले पुस्तक छापले. तो 1949 साली वारला, आणि त्याची रक्षा इचेनच्या त्याच काठावर विखुरली गेली.

स्क्यूजची एक कथा मला या सगळ्या वादाचे सार वाटते. कॅस्टवेल नावाचा एक पट्टीचा गळवाला मरतो आणि आपल्याला स्वर्ग मिळाला असे समजतो. सुंदर नदी, उत्तम काठी, सोबतीला नोकर. पहिल्याच फेकीला तगडा ट्राउट. दुसऱ्या फेकीला त्याच जागी, तेवढ्याच वजनाचा दुसरा. तिसऱ्यालाही तसाच. तिथून हलायची मुभा नाही आणि फेक चुकत नाही. शेवटी त्याला कळते की हा स्वर्ग नव्हे. ही कथा लिहिणारा माणूस मासे वाढावेत म्हणून निम्फचा आग्रह धरीत नव्हता, हे उघड आहे. त्याला कोडे हवे होते. मासा या क्षणी काय खातो आहे, हा प्रश्न त्याला मोकळा ठेवायचा होता. विरोधकांनी त्याचे उत्तर आधीच ठरवून टाकले होते.

वाद जिंकला कोणी? सभेत कोणीही नाही. तो सुटला तो नदीवर, एका पगारी माणसाच्या हाताने. फ्रँक सॉयर 1928पासून विल्टशरमधल्या एव्हन नदीचा राखणदार होता. ज्या लष्करी अधिकाऱ्यांच्या संस्थेची ती नदी, तिच्या पुढच्या नावात 'ड्राय फ्लाय' हे शब्दच होते. गाळ उपसणे, काठ सावरणे, अंडी उबवणे हे त्याचे काम. दिवसभर पाण्यात उभा राहणारा हा माणूस निम्फ पोहतात कसे ते रोज पाहत होता. त्याने फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या पिसातले काही तंतू घेतले आणि दोऱ्याऐवजी तांब्याच्या बारीक तारेने गळावर गुंडाळले. बस्स. पाय नाहीत, पंख नाहीत, कारण पोहताना निम्फ पाय अंगाशी घेतो. तारेने रंगही दिला आणि वजनही. 'फेझंट टेल निम्फ' आज जगभर वापरली जाते. तीर्थनच्या वाटाड्याने खाली बांधली होती ती हीच, फक्त डोक्याशी धातूचा मणी असलेली. सॉयरचे 'निम्फ्स अँड द ट्राउट' 1958 साली आले.

तिकडे अमेरिकेत कोरड्या माशीचा प्रवास वेगळाच झाला. कॅट्सकिल डोंगरांत राहणाऱ्या थिओडोर गॉर्डन या क्षयाने खंगलेल्या एकाकी माणसाने हॅलफर्डला पत्र लिहिले, आणि हॅलफर्डने 1890 साली आपल्या माशांचे नमुने त्याला पाठवून दिले. संप्रदायाचा प्रमुख म्हणून ज्याला आपण ओळखतो, त्याचा हा उदारपणाही नोंदवायला हवा. गॉर्डनने त्या माशांची नक्कल केली नाही. तिथले किडे वेगळे आणि पाणी खळाळते, म्हणून त्याने नव्या माशा केल्या. पुढे 1914 साली जॉर्ज ला ब्रांशने वेगवान पाण्यातल्या कोरड्या माशीवर पुस्तक लिहिले. खळाळत्या पाण्यात मासा दिसेपर्यंत थांबायचे म्हटले तर संध्याकाळ होते. त्यामुळे हॅलफर्डचा मूळ नियमच तिथे गळून पडला. रॉकी पर्वतातल्या नद्यांवर नाकतोड्याच्या आकाराची मोठी तरंगती माशी आणि तिच्या बाकाला निम्फ, ही जोडी रूढ झाली. बाकाला धागा बांधायच्या पद्धतीला न्यूझीलंडचे नाव चिकटले आहे. ही जोडी कोणा एकाच्या नावावर लागलेली नाही, आणि ते योग्यच वाटते. जे भांडण नामवंतांना मिटवता आले नाही ते अनेक निनावी हातांनी दीड फूट धाग्याने मिटवले.

पूर्ण मिटले असेही नाही. इंग्लंडातल्या खडूच्या नद्यांवर आजही अनेक ठिकाणी ठरावीक महिन्यापर्यंत फक्त कोरडी माशी, निम्फ त्यानंतर, आणि एका वेळी एकच माशी, असे नियम आहेत. पैसे देऊन जाणारे लोक ते आनंदाने पाळतात. नियम स्वखुशीने पाळायचा असतो तोवर त्याला खेळ म्हणता येते. मतभेदावरून म्हाताऱ्या माणसाला त्याच्या नदीवरून उठावे लागले की तो खेळ राहत नाही.

या कथेत आपला भाग किती? वाटतो त्यापेक्षा जास्त. बांबूच्या चिरफळ्या चिकटवून केलेल्या आरंभीच्या काठ्या 'कलकत्ता' नावाने ओळखल्या जाणाऱ्या हिंदुस्थानी बांबूच्या असत. आणि आपल्या सह्याद्रीतला करडा रानकोंबडा! त्याच्या मानेच्या पिसांवर मेणासारखे चकचकीत पिवळट ठिपके असतात. सामन माशासाठीच्या इंग्रजी माशांचे ते पीस भूषण होते. 1902 साली हिंदुस्थान सरकारने पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली, तरी चोरटा व्यापार चालू राहिला. हॅम्पशर आणि स्कॉटलंडमधल्या सभ्यतेच्या चर्चेत या कोंबड्याचे मत अर्थातच कोणी विचारले नव्हते.

ट्राउटही आपला नाही. तो बोटीतून अंड्यांच्या रूपाने आला. काश्मीरमध्ये पहिली खेप वाया गेली आणि 1900च्या सुमारास दुसरी जगली. तिथून 1909 साली तो कुलूच्या खोऱ्यात आला. साहेबाला सुट्टीत आपली नदी हवी होती, म्हणून त्याने आपला मासा आणून सोडला. हिमालयातला मूळ मासा 'असला'. त्याच्याच पाण्यात हा शिकारी पाहुणा वाढला. आज तीर्थनच्या खोऱ्यातल्या काही घरांची चूल या पाहुण्यावर चालते. माझ्या वाटाड्याचीही त्यावरच चालत होती. त्याच्या आजोबांच्या काळात साहेबांच्या मागे पिशवी धरून चालणारी माणसे होती. आता काठी त्याच्या हातात होती आणि पिशवी माझ्या.

त्या दिवशी संध्याकाळी ऊन डोंगराआड गेल्यावर पाण्यावर बारीक किडे उडू लागले. वरची माशी एका धोंड्याच्या कडेने वाहत होती. मी तिच्याकडे सांगितल्याप्रमाणे टक लावून होतो, ती थबकते का बुडते ते पाहत. ती थबकली नाही आणि बुडलीही नाही. पाण्यातून एक तपकिरी नाक वर आले आणि त्याने वरचीच माशी घेतली. वाटाडा हसला. मासा ओल्या हाताने सोडवून त्याने परत पाण्यात सोडला. मग वरची माशी फुंकून, शर्टाच्या बाहीला पुसून कोरडी केली आणि खालचा धागा बोटांनी चाचपला. खालची माशी काढून टाकू का, असे मी विचारले. तो म्हणाला, राहू दे. आत्ता वर खातो आहे, थोड्या वेळाने कुठे खाईल काय सांगावे.